वाळत घातलेला पांढरा ड्रेस

पांढऱ्या कपड्याचा मला राग आहे. लग्नाआधी कंधारला पांढरं म्हणजे वडिलांचं धोतर आणि टोपी. निळीच्या पाण्यातून काढली की काम संपलं. नवरा नेव्हीत ऑफिसर मिळाला आणि पांढऱ्याचे नखरे कळले. गळ्यापर्यंत बंद होणारा कोट, त्याला नांगराची सोनेरी बटणं, खांद्यांवर सोनेरी जरीच्या पट्ट्या. बटणं आतून बारीक कड्यांनी अडकवलेली असतात, धुण्याआधी ती काढून ठेवायची. त्यांना फक्त कोरडं मऊ फडकं लावायचं, कारण वरचं सोनं म्हणजे नुसता मुलामा. जरीला तर घामाचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. पोटच्या लेकराचे एवढे लाड मी केले नाहीत.

तेव्हा मी लातूरला सासरी होते. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कलेक्टर आले, ऑफिसं आली, नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं आलं नाही. पावसानं पाठ फिरवलेली, नळ कोरडे, आणि टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या आम्ही बाया. त्यात आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंथरूण धरलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आप्पांचं भुसार मालाचं दुकान. एकुलता एक मुलगा गादीवर बसणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं, आणि हे निघाले बोटीवर. "जिथं घागर भरत न्हाई तिथला पोरगा दर्यात कशापायी जायलाय?" असं आप्पा गिऱ्हाइकांनासुद्धा विचारायचे. ह्यांनी ड्रेसमधला फोटो पाठवला, तो त्यांनी भिंतीला लावू दिला नाही. बाप-लेकाचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथं तर दोन सुंभ होते.

तेच आप्पा एक दिवस खाटेवरून मला म्हणाले, "सूनबाई, त्येला म्हणावं, ते पांढरं कापड घेऊन ये. एकदा अंगावर बघू दे. मंग मी मोकळा." मला रडू आवरेना. त्याच दुपारी तार केली.

हे आले, पण ड्रेस पेटीत पिवळट पडलेला. मग त्या दिवशी घरात कुणी अंघोळ केली नाही. सासूबाईंनी, आमच्या अव्वांनी, लिंगपूजेपुरतं तांब्याभर पाणी ठेवलं आणि बाकी सगळं माझ्यापुढं आणून ठेवलं. टँकरचं पाणी गढूळ, म्हणून त्यात तुरटी फिरवली, फडक्यातून गाळलं. साबण, नीळ, तांदळाची खळ, सगळं रीतसर केलं. कोट दांडीवर टाकला, बटणं वाटीत घालून पट्ट्यांशेजारी देवळीत ठेवली आणि मी शेजारी कोळशाची इस्त्री मागायला गेले.

परत येते तर अव्वा न्हाणीपाशी बसलेल्या. पुढ्यात चिंच, राख आणि ती वाटी.

"लेक बापाम्होरं उभा राहणार, अन् बटणं अशी मळकी? चिंचेबिगर पितळ उजळतंय का?"

सोनं राखेत गेलं होतं. पितळ मात्र समईसारखं लखलखत होतं. खांद्याच्या पट्ट्याही त्यांनी चिंचेच्या कोळात घासल्या होत्या, ती जरी हिरवट-काळी पडलेली. अव्वांनी जन्मभर देवाची भांडी अशीच घासली, लेकाची बटणं त्यांना वेगळी वाटली नाहीत. मोठ्या आनंदानं त्या मला एकेक बटण दाखवत होत्या.

ह्यांनी वाटी पाहिली. आईला एका शब्दानं बोलले नाहीत. मला आतल्या खोलीत म्हणाले, "हा ड्रेस आता घालता यायचा नाही. मुंबईहून मित्राकडून नवीन मागवतो."

"अहो, आप्पांना सोनं काय नि पितळ काय, कळतंय का? ते काय तुमचे ॲडमिरल हायेत, तपासणी घ्यायला?"

"पहिल्यांदा बघणार आहेत ते मला. असं काळवंडलेलं नाही दाखवायचं."

मी भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. ह्यांनी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल केला आणि पार्सलची वाट बघत बसले.

आप्पा रोज विचारायचे, "अजून कापड वाळलं न्हाई का?" पहिल्यांदा काय सांगावं ते न सुचून अव्वाच बोलून गेल्या, "ओलं हाय अजून." तोवर काय झालंय ते त्यांना कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मग सगळ्यांनीच ते धरलं, ओलं आहे, ओलं आहे. त्या उन्हात पापड घटकेत कडक व्हायचे, घागरीच्या बुडाचा ओलावा टेकेपर्यंत उडायचा, आणि ह्यांचा कोट काही वाळत नव्हता. आप्पा व्यापारी माणूस, खोटं त्यांना वासावरून कळायचं. नंतर नंतर ते नुसते दांडीकडे बघायचे. लेकाला अजून आपला राग आहे, असंच त्यांना वाटलं असणार. मी हे ह्यांना सांगितलं. "उद्या-परवा येईल पार्सल," हे म्हणाले.

पार्सलच्या आधी आप्पा गेले.

आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीशी मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. आप्पा तसे बसले होते, दुकानात बसायचे तसेच. हे आत गेले आणि मला हाक मारली. दांडीवरचा कोट त्यांनी अंगात घातला होता. म्हणाले, "बटणं आण." मी तीच पितळी बटणं एकेक करून अडकवली. पट्ट्या त्यांनी स्वतः लावल्या, काळवंडल्या होत्या तशा. एवढं साधं होतं तर आठवडाभर काय केलंत, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी गळ्याशी कोट बंद करायला मान वर केली, आणि मी ते गिळलं.

बाहेर येऊन ते आप्पांसमोर ताठ उभे राहिले आणि सॅल्यूट केला. हात खाली येईना.

अव्वा उठल्या. पदरानं ह्यांच्या छातीवरचं एक बटण पुसलं आणि आप्पांकडे वळून म्हणाल्या, "बघा. वाळलं एकदाचं कापड."