दर पाऊण तासाला गाडी

अमरावतीत त्या वर्षी एका खाजगी कंपनीनं वरून उघडी असलेली लाल बस सुरू केली होती. एकदा तिकीट काढलं की दिवसभर कुठंही उतरा, हिंडा, मागून येणाऱ्या गाडीत चढा. दर पाऊण तासाला गाडी. चिखलदऱ्याला जाणारी पुण्या-मुंबईची माणसं एक दिवस काढून जुनं शहर बघत. परकोटाची भिंत, जवाहर गेट, अंबादेवी, आणि शेवटी वडाळीकडचं ‘वऱ्हाडी अंगण’. अंगण मात्र जुनं नव्हतं. कंपनीनंच शेणामातीनं लिंपून उभं केलं होतं. तिथं एक जातं होतं, आणि जात्यापाशी दुर्गाबाई.

दुर्गाबाई पन्नाशीची, माहेर बार्शीटाकळीकडचं. गावात गिरणी आली तरी तिची आई सणाचं दळण जात्यावरच दळायची आणि पहिली मूठ भावाच्या नावानं टाकायची. दुर्गाबाईनं ती रीत इथंही सोडली नाही. गाडी आली की कपाळाला हात लावायची, मूठभर ज्वारी टाकायची आणि आपल्या धाकट्या भावाचं नाव घेऊन गायची,

“पहिली मूठ जवारीची, टाकते मी जात्यात,
श्रावण भाऊ माझा, राहो शंभर वर्सं गोतात.”

बाजूच्या चुलीवर भाकरी थापणारी माणिकबाई हसायची. “कावं, दिवसातून दहा खेपा त्याच्यासाठी औक्ष मागतं. देव कटाळला असन.”

“देव कटाळत नाही वं. माणूस कटाळते.”

कामाची एक पद्धत होती. सकाळी आल्यावर आपलं लुगडं आणि मोबाईल मॅनेजरकडं द्यायचा, कंपनीचं हिरवं नऊवारी नेसायचं, कंपनीचे चांदीचे डाग घालायचे. डाग उतरवायचे ते मॅनेजरच्या समोरच. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. मॅनेजर अनुप, तिशीच्या आतला पोरगा, सगळ्या बायांना गोड आवाजात मावशी म्हणायचा.

आश्विनातला दिवस होता. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि रोजानं फवारणी करणारी माणसं औषधाच्या वाफेनं शेतातच आडवी होत होती. अकरा वाजता अनुपनंच सांगितलं, “मावशी, तुमच्या भावजयीचा फोन आहे.”

पलीकडून मैना रडत होती. “बाई, ह्यायले परवा फवारताना लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. डोयानं दिसत नाही त्यायले. ‘दुर्गाबाई आली का,’ एवढंच इचारून राह्यले. डाक्टर म्हनते, जवळच्यायले बोलवा.”

अकोल्याला एस. टी.नं अडीच तास. दुर्गाबाईनं हिशोब केला, लगेच निघाले तर दोनच्या आत श्रावणपाशी. ती अनुपसमोर उभी राहिली.

“अनुपभाऊ, कपाट उघडा. मले जा लागते.”

“जा ना मावशी, मी कुठं अडवतो? ही एवढी गाडी जाऊ द्या. साठ लोक येऊन राहिले.”

गाडी आली. साठ माणसं उतरली. दुर्गाबाईनं पहिली मूठ टाकली, गायली. लोकांनी फोटो काढले. पण ही माणसं त्याच गाडीनं परत जायला बांधलेली नव्हती. निम्मी झाडाखाली टेकली, भाकरी-ठेचा खात बसली, आणि पुढच्या गाडीनं आणखी पन्नास आणली. अंगण रिकामं होईना.

“अनुपभाऊ?”

“आता मधातच उठता? ही एक जाऊ द्या.”

साडेबाराची गेली. सव्वाची गेली. दोनची गेली.

माणिकबाईनं पिठाचे हात पुसले. “काय बसली वं? असंच जाय! लुगड्यात जाय कंपनीच्या!”

“अन् हे डाग?”

“काढ, मी ठेवते.”

दुर्गाबाईनं पाटलीला हात घातला आणि थांबली. “उद्या एखादा कमी भरला तं तुह्यावर येईन. अन् मी घालून गेली तं मले चोर म्हनतीन. दुसऱ्याचं अंगावर घेऊन भावापाशी कशी जाऊ?”

“अवं, भाऊ मरून राह्यला तिकडं!”

“असं अभद्र नको बोलू,” दुर्गाबाई म्हणाली आणि पुन्हा जात्यापाशी बसली. मनात अंबामातेला सांगितलं, मी येईपर्यंत त्याले धर.

साडेतीनच्या गाडीत पुण्याची एक बाई होती. “आजी, ते भावाचं परत म्हणा ना, माझं रेकॉर्ड झालं नाही.” दुर्गाबाई परत गायली. आवाज फाटला, तसा त्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. नंतर दिवसाच्या शेवटच्या दोन गाड्याही तशाच गेल्या.

सहा वाजता अनुपनं कपाट उघडलं. डाग मोजून घेतले. मोबाईल तिच्या हातात देताना म्हणाला, “मावशी, चार वाजता फोन आला होता. भाऊ गेले. तेव्हाच सांगितलं असतं तर तुमच्यानं गाणं झालं नसतं. म्हणून नाही सांगितलं.”

दुर्गाबाईनं विचारलं, “चारनंतर किती गाड्या आल्या?”

“दोन.”

सुतकात घरातलं जातंसुद्धा भिंतीला टेकवून ठेवतात. ती दोनदा दळली होती, आणि दोनदा मेलेल्या भावासाठी शंभर वर्षं मागून बसली होती. ती रडली नाही. आपलं लुगडं नेसली आणि एस. टी.साठी चालू लागली.

तेरवी करून ती परतली. घरी चूल पेटायची तर दुसरं काम नव्हतं. अंगणाच्या फाटकापाशी आली आणि आतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. खांबाला स्पीकर टांगला होता. जात्याशी एक तरणी पोरगी बसली होती, रिकामं जातं फिरवत, नुसते ओठ हलवत. पुण्याच्या बाईनं रेकॉर्ड केलेलं गाणं अनुपनं मागवून घेतलं होतं.

“मावशी, तुमची जागा भरली. तेरा दिवस जागा कोण रिकामी ठेवते?”

“नसू द्या जागा. पन त्यातलं नाव काढा, अनुपभाऊ. गेलेल्या मानसाले कोनी असं जिता राहा म्हनते का?”

“नाव कसं काढू? त्या नावालेच तर लोक डोळे पुसते.”

तेवढ्यात गाडी आली. माणसं दुर्गाबाईला वळसा घालून आत शिरली. स्पीकरवर श्रावणला शंभर वर्षं मिळाली. पाऊण तासानं परत मिळाली. दुर्गाबाई फाटकाबाहेर, कानांवर पदर घट्ट दाबून बसली होती.