कुठलं पावणं?

आमच्या फौंड्रीच्या कॉम्प्युटरात फालतू मेलचा ढीग साचला, तेव्हा तो थोपवायला एक बाई आली. पेन कानामागं खोचून गेटवर माझ्याशीच, वॉचमनशी, बोलत बसली. "मामा, लबाड माणूस कसा ओळखता?"

"कुठलं पावणं, म्हणून विचारतो. बाहेरनं येऊन आमच्याच फौंड्रीचं नाव सांगितलं की हाकलतो."

"लबाड मेलही तेच करते," म्हणत तिनं तोच नियम मशीनला घातला.

दुपारी मालक तापले. मेव्हण्याची मेल परत गेली होती. "नियम काढा."

"त्यांचं मशीन मेल पाठवताना स्वतःचं सोडून तुमच्या फौंड्रीचं नाव सांगतंय. त्यांनी दुरुस्त करावं. नियम मामांचा आहे, मी काढणार नाही."

मालक माझ्याकडं वळले. मी दुसरी शिकलेला, पण मागं सरलो नाही. "मेव्हणं असलं म्हणून काय झालं? न्हाय काढायचा."

बाईचं नाव आता आठवत नाही. पण तेव्हापासून मला कुणी नुसता वॉचमन म्हटलेलं मी चालवून घेत नाही.