बंडूजींच्या जिभेचं माप

मल्हारगंजात बंडू टेलरकडे पँट शिवायला टाकली की अपमान वर फुकट मिळायचा. "भिया, पोट आत घ्या, पट्टी संपली," हे ते अनोळखी गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. चाळीस वर्षं दुकान कात्रीपेक्षा जिभेवरच चाललं. आणि नेमकी त्या जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ निघाली.

विजय नगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर शर्वरी म्हणाल्या, "काका, जबडा कापायचा नाहीये. रोबोटचे बारीक हात तोंडातून आत जातील, ते मी चालवीन. गाठ कुठे, रक्ताची नस कुठे, ते स्कॅन दाखवेल."

"कोणता स्कॅन? परवा काढलेला?" बंडूजी उसळले. "तेव्हा माझं तोंड बंद होतं! तुम्ही कापणार तोंड फाकवून. जीभ काय जागच्या जागी बसून राहील? उभ्याचं माप घेतलेली पँट बसल्यावर उसवते, बाई. एवढी अक्कल काज करणाऱ्यालाही असते!"

"अहो, चुप बैठो ना जरा," सुलोचनाबाईंनी नवऱ्याला दटावलं. "डॉक्टर आहेत त्या, गिऱ्हाईक नाहीत."

"म्हणूनच तोंड उघडून जीभ ओढून धरली, की टेबलावरच नवा स्कॅन काढतो," शर्वरी तडकल्या. "मला शिकवू नका."

बंडूजींना याचाच जास्त राग आला. मुद्दा बरोबर निघाला आणि भांडण हातचं गेलं!

"नंतर बोलता येईल ना?" ते खेकसले.

"गॅरंटी नाही. तुम्ही देता का कपड्यांच्या तारखेची?"

ऑपरेशन झालं. नव्या स्कॅनमध्ये नस जुन्या जागेपासून चांगली अर्धा सेंटिमीटर सरकलेली दिसली. ती वाचवून गाठ निघाली. मग नाकात नळी, बोलायला बंदी आणि हातात पाटी. पाटीवर बंडूजी बायकोला शिव्या लिहायचे. "चष्मा नाही," म्हणत त्या खुशाल पेपर वाचत बसायच्या.

आठव्या दिवशी शर्वरी म्हणाल्या, "बोला काहीतरी."

बंडूजींनी ओठ घट्ट मिटले. आवाज फुटलाच नाही तर? सुलोचनाबाईंनी पेपर खाली ठेवला. शर्वरी तपासायला वाकल्या, आणि बंडूजींची नजर त्यांच्या पांढऱ्या कोटावर गेली.

"कोणत्या गाढवानं शिवलाय?" शब्द जड, ओले, पण कळण्याजोगे. "उजवा खांदा उतरलाय!"

"शब्द अजून घसरतायत," शर्वरी रुक्षपणे म्हणाल्या.

"खांदा जास्त घसरलाय," बंडूजी गुरगुरले, आणि बायकोकडे मापाची पट्टी मागू लागले.