महालक्ष्मीच्या साडीमागची बरणी

आमच्या घरी चातुर्मासात कांदा येत नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने कांदा-लसूण बंद. नियम सासूबाईंचा, पण स्वयंपाकघर एकच असल्यामुळे तो सगळ्यांना लागू. लग्न होऊन नारायणगुड्याला आले तेव्हा पहिल्या वर्षी मी थोडी कुरकुर केली. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये कांद्याचा दोसा खायला लागले आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला.

तीन वर्षांपूर्वी मात्र हा नियम सासऱ्यांच्या आड आला.

त्या उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण जेवण सुटलं. हर्नियाचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस भरले. डॉक्टर म्हणाले, बावन्न झाले की या, त्याआधी मी हात लावणार नाही. हर्नियामुळे त्यांना दोन मजले उतरणं जमेना आणि कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात रोज संध्याकाळी जमणारी त्यांची मंडळी तुटली. माणूस दिवसभर खिडकीत बसून त्या हॉटेलाच्या पाटीकडे बघायचा. पाच किलो वाढले तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर जिना, जिना उतरता आला तर चहा. एवढा सरळ हिशेब होता. फक्त ते दोन घास खाऊन ताट सरकवत आणि म्हणत, कशालाच चव नाही.

माझ्या नवऱ्याने चॉकलेटच्या स्वादाची प्रोटीन पावडर आणली. सासऱ्यांनी वास घेऊन ती भिंतीला लावायला सुचवलं. सासूबाईंनी शिरा, लापशी, मेतकूट-भात, सगळं करून पाहिलं. वजनकाटा घरीच आणला. दर रविवारी वजन व्हायचं आणि नवरा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आकडा हलत नव्हता.

मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आपांनी खिचडी पाठवली, सोबत चिंचेचा खट्टा आणि वर मूठभर तळलेला कांदा, लाल आणि कुरकुरीत. सासऱ्यांनी सगळी ताटली संपवली आणि तळाशी उरलेले कांद्याचे तुकडे बोटाने टिपून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तशीच खिचडी केली, पण कांद्याऐवजी शेव घातली. दोन घास. म्हणजे गुण खिचडीचा नव्हता.

मी आपांकडे गेले. त्यांनी मला पद्धत सांगितली, मी घरी येऊन केली आणि ती बिघडली, कारण मी शहाणपणा केला. कांदा उभा चिरला की आपला हात आपोआप मिठाकडे जातो. भज्यांची सवय. मीठ लावलं, कांद्याला पाणी सुटलं, तो तेलात गेला आणि तेल फसफसून शेगडीवर आलं. हाताला आला तो ओलसर लगदा. दुसऱ्या वेळी मीठ टाळलं, पण छान लाल होईपर्यंत वाट पाहिली. झाऱ्यातून ताटात पडेपर्यंत तो काळा झाला होता. तिसऱ्या वेळी आपा स्वतः वर आल्या, कढईशेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लाल होने तक नक्को ठैरो. पीला है तभी निकालो, लाल तो वो बाहर आके होती."

कांदा आधी कागदासारखा एकसारखा चिरायचा. जाड-बारीक झाला तर अर्धा कच्चा राहतो आणि अर्धा जळतो. मग पाकळ्या हाताने सुट्या करून पंख्याखाली तासभर पसरायच्या. तेल भरपूर, आच मध्यम, कढईत एका वेळी एकच मूठ. सुरुवातीला तेल खूप आवाज करतं, कारण कांद्यातलं पाणी जात असतं. आवाज खाली आला की हात थांबवायचा नाही, सतत हलवायचं. पिवळा दिसला की उचलायचा, कागदावर विरळ पसरायचा आणि काटेचमच्याने वर-खाली करत राहायचं. पाच मिनिटांत तो आपोआप लाल होतो आणि वाजायला लागतो. ढीग करून ठेवला तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो.

हे मला जमलं तेव्हा एकादशी आठ दिवसांवर आली होती.

नवऱ्याने आईजवळ विषय काढला, या वर्षी बाबांपुरती सूट देता येईल का म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्यासाठीच तर या वर्षी कडक धरलाय. मी गूळसुद्धा सोडलाय." माझ्या नवऱ्याने पेपर उचलला. मी बाजाराची पिशवी उचलली.

एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. चार महिने तोडायचा कांदा त्या दिवशी पोटभर खायचा. भजी, थालीपीठ, झुणका, जे म्हणाल ते. घरात कांद्याचा वास आला तर कोणी विचारत नाही. मी रैतू बाजारातून पाच किलो कांदा आणला. एक किलो रीतसर खाल्ला गेला. चार किलो मी दुपारभर तळला, सासूबाई झोपल्या असताना. चार किलोंचा जेमतेम एक मोठी बरणी भरेल एवढा झाला. नियम असा होता, की चातुर्मासात घरात कांदा आणायचा नाही, चिरायचा नाही, शिजवायचा नाही. मी यातलं काहीच करणार नव्हते. कांदा आधीच आलेला होता.

बरणी ठेवायची कुठे? फ्रीज आणि फडताळं सासूबाईंच्या ताब्यात. माझ्या हक्काचं एकच ठिकाण होतं, बेडरूममधलं कपाट. साड्यांच्या मागे बरणी गेली. मी कुकटपल्लीला औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठल्या मालाला ओल लागू नये आणि कशाजवळ काय ठेवू नये, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

रात्रीचं ताट मी वाढायची. वर पेरायची वस्तू मी तळाशी पेरली, खाली कांदा आणि वर भात. सासऱ्यांना पहिल्या घासाला कळलं. ते माझ्याकडे न बघता जेवत राहिले. अडचण एकच, कांदा वाजायचा. सासूबाई समोरच बसलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय कुडकुडतंय? सासरे म्हणाले, पापड. ताटात पापड नव्हता. तेव्हापासून मी रोज पापड तळायला लागले.

काटा हलला. श्रावण लागेपर्यंत एकोणपन्नास, नागपंचमीनंतर पन्नास. सासूबाई म्हणाल्या, नेमाचं फळ. नवरा म्हणाला, पावडरचं. ती पावडर तो स्वतः पीत होता आणि त्याचंही वजन वाढत होतं. मी पापड तळत राहिले. पण बरणी माझ्या मापापेक्षा भराभर उतरत होती. एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले, तर सासरे माझ्या कपाटासमोर उभे, एक हात साड्यांत कोपरापर्यंत.

"रुमाल शोधतोय," ते म्हणाले.

"सापडला की झाकण घट्ट लावा, बाबा," मी म्हटलं.

ते त्यांना जमत नव्हतं. आजारपणानंतर मनगटात जोर राहिला नव्हता. झाकण नुसतं टेकवलेलं असायचं. पावसाळी हवेत कांदा थोडा मऊ पडला आणि त्याने आपला वास आजूबाजूला वाटून टाकला. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचीने मला दोनदा विचारलं, डब्यात बिर्याणी आहे का म्हणून. माझ्या डब्यात दोडका होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. तीन दिवसांसाठी माहेरी येतात. त्यांच्या दोन नव्या साड्या पंधरा दिवस आधी आणून मी जपून ठेवल्या होत्या. कुठे, ते सांगायला नको.

आवाहनाच्या दिवशी सासूबाईंनी त्या स्वतः नेसवल्या. निऱ्या घालताना त्या मध्येच थांबल्या, पदर नाकाशी नेला आणि पुन्हा निऱ्या घालायला लागल्या. मी पाटाभोवती रांगोळी काढत होते. त्यांनी एक धूप लावला. थोड्या वेळाने दुसरा लावला. तिसरा लावला तेव्हा नवरा खोकायला लागला.

दुसऱ्या दिवशी पूजा, पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या. मलकपेठहून सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई आल्या, म्हणजे आमच्या काकू. काकूंच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, त्यामुळे आमच्याकडच्या नीट बसल्यात की नाही हे त्या दरवर्षी तपासतात. त्या ओटी भरायला पुढे झाल्या, वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तळलेल्या कांद्याचा वास येतोय."

सासूबाई म्हणाल्या, खालून येत असेल, आपांकडून.

"खाली कुलूप आहे. आत्ताच बघून आले."

खोलीत सात-आठ बायका होत्या. मी हातातली हळदीची वाटी घट्ट धरून उभी. सासरे आतल्या खोलीच्या दारात होते, ते एक पाऊल मागे सरले. चाळीस वर्षांचा नेम, सोडलेला गूळ, आणि मलकपेठेत उद्या सकाळपर्यंत पोचणारी बातमी. सगळं मला एकदम दिसलं.

सासूबाईंनी महालक्ष्मीचा पदर सारखा केला. "लेक माहेरी आली," त्या शांतपणे म्हणाल्या, "की वाटेत काय खाऊन आलीस, असं विचारायचं नसतं."

काकू सरळ झाल्या. त्यांनी ओटी भरली. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

पाहुण्या गेल्यावर सासूबाईंनी मला बरणी आणायला सांगितली. कुठली, असं मी विचारलं नाही. त्यांनी ती उजेडात धरली. तळाशी चार बोटं कांदा होता.

"एवढाच केला होतास?"

"गळ्यापर्यंत होती."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सासरे बाहेर आले आणि कोणी न सांगता काट्यावर उभे राहिले. साडेएक्कावन्न. सासूबाईंनी चष्मा लावला आणि वाकून तो आकडा वाचला. मला वाटलं, आता बरणी खालच्या कचऱ्यात जाणार आणि वजनाबरोबर ऑपरेशनही. मी सांगून टाकलं, की कांदा नवमीलाच तळलेला आहे, नियम मोडलेला नाही.

"नियम मला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि देवाच्या साड्यांत कांदा कोण ठेवतं गं? कारखान्यात असंच ठेवतेस?"



मग त्यांनी निकाल दिला. बाल्कनी घरात धरत नाहीत. तुळस तिथे आहे, पण ती दुसऱ्या टोकाला. बरणी बाल्कनीत राहील, खाणाराही बाल्कनीत बसेल, आणि बाकीच्यांच्या पोटात एक तुकडा जाणार नाही. शिवाय झाकण त्या स्वतः लावतील, कारण या घरात ते कोणालाच लावता येत नाही.

सासरे पुढचे बारा दिवस प्लास्टिकच्या स्टुलावर, डोक्यावर छत्री धरून जेवले. समोरच्या इमारतीतली माणसं बघायची. एकाने विचारलं, घरात भांडण झालंय का? सासऱ्यांनी ताटली वर करून दाखवली.

बावन्न भरले. ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झालं, काही अडचण आली नाही. कोजागिरीला काकूंकडे दूध प्यायचं आमंत्रण होतं. सासरे दोन्ही मजले स्वतः उतरले. इराणी हॉटेलासमोर रिक्षा थांबवायला लावून त्यांनी आतल्या मंडळींना नुसता हात केला आणि उद्या येतो म्हणाले.

महालक्ष्मीची साडी दरवर्षी एक सासूबाईंना आणि एक मला. दोन धुणी, तीन उन्हं आणि डांबरगोळ्यांनंतरही माझ्या साडीला वास होता. काकूंकडे जायला मी दुसरी काढली, तर सासूबाई म्हणाल्या, तीच नेस. मी तीच नेसले.

काकूंनी दारातच श्वास आत ओढला. सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दूध आटत होतं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, की त्यांचा कांदा नेहमी काळाच पडतो, तर लाल झाला की लगेच काढायचा का?

मी त्यांना सांगितलं, पिवळा असतानाच काढा. त्यांच्याकडेही चातुर्मास चालू होता.