झेपणार नाही, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या आता नाहीत – आणि म्हणून तुम्हाला सांगतेय. नीट जमेल का, माहीत नाही.

२००३च्या सुमारास आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहायचो. नवरा कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनीअर. मीही पुण्यात प्रोग्रामिंग करायचे, पण इथे माझा व्हिसा डिपेंडंटचा. नोकरीला परवानगी नाही. दिवसभर अपार्टमेंटमध्ये बसायचं आणि ब्लाइंड्सच्या फटीतून पार्किंग लॉट बघायचा. आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, असं तुम्हाला कधी वाटलंय?

मग तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सुधामावशी भेटल्या. यजमान गेल्यावर त्यांनी पुरणपोळ्या आणि गूळपोळ्यांचा धंदा सुरू केला होता. एका रेस्टॉरंटचं किचन सकाळपुरतं भाड्यानं घेतलेलं. ऑर्डरी फोनवर यायच्या आणि त्यांच्या डोक्यातच राहायच्या. एकीच्या पोळ्या दुसरीकडे जायच्या. मी म्हटलं, मावशी, मी सिस्टीम बनवून देते.

त्या मला गाडीनं न्यायला यायच्या. त्या लाटायच्या, मी पिठानं माखलेल्या स्टीलच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून काम करायचे. इतका जीव लावून मी पुण्यात काही केलं नव्हतं. मावशींचा धंदा वाढेल तशी ती सिस्टीम वाढावी, अशीच बांधली होती – नवा पदार्थ घाला, नवं गाव घाला, उद्या दुकानं जोडा, काही अडायचं नाही. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ही आमची इंजिनीअर. ‘आमची’. त्या एका शब्दासाठी मी सकाळ व्हायची वाट बघायचे.

आणि एक दिवस फीनिक्सचा एक दुकानदार आला. त्याची बरीच इंडियन ग्रोसरीची दुकानं होती. सगळीकडे मावशींच्या पोळ्या ठेवायच्या म्हणाला. मोठं किचन बघू, पगारी बायका ठेवू, ऑर्डरी माझ्या ऑफिसातला माणूस सांभाळेल, असंही म्हणाला. मावशींचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या.

“तुझ्या सिस्टीमला झेपेल का गं एवढं?”

झेपणार होतं. ह्याच दिवसासाठी तर बनवली होती ना मी ती? पण मला दिसलं ते मोठं किचन – आणि त्यात मी कुठेच नव्हते.

“नाही झेपणार, मावशी,” मी म्हणाले. “मोडून पडेल सगळं.”

वर कारणंही दिली. त्यांना कळू नयेत असे शब्द मुद्दाम शोधून.

त्यांनी उलटून एक प्रश्न विचारला नाही. दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. त्यानं दुसऱ्या एका बाईकडून पोळ्या घेतल्या, तिचं चांगलं चाललं, असं नंतर कानावर आलं.

आम्ही दोघी त्या छोट्या किचनमध्येच राहिलो. मला हवं होतं ते मिळालं. आणि खरं सांगू? फार सुखाचे दिवस होते ते. पुढे ग्रीन कार्ड आलं, नोकरी आली, आज मी छोट्या धंद्यांसाठी सिस्टीमच बनवते – तरी कुठे जायफळाचा वास आला की जीव तिकडेच ओढ घेतो. खोटं बोलून मिळवलेल्या दिवसांसाठी इतकं झुरावं माणसानं?

एकटीनं लाटून लाटून मावशींचे खांदे गेले. मुलानं त्यांना आपल्या घरी, बेलव्ह्यूला नेलं. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“तू होतीस म्हणून एवढं तरी झालं. मोठं होणं आपल्या नशिबातच नव्हतं.”

फ्लाइटला अजून वेळ होता. सगळं सांगून होईल, एवढा वेळ होता.

“हो मावशी,” मी म्हणाले. “नव्हतंच.”