बटण तोडलेला टेप

आमच्या थोरल्या जावयाइतका हट्टी माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याच्या सासूनं तोंड मिटून सोसलं असेल. मला ते जमत नाही. बरं, माणूस सगळ्याच बाबतींत शिस्तीचा असता तर हट्ट समजून घेतला असता. पण याच्या सदऱ्याची गुंडी कधी नेमक्या काजात गेली नाही. ताटावर बसला की आधी ताकभात ओरपणार, मग भाकरी मोडणार, आणि सगळं झाल्यावर मीठ मागणार. लग्नात सप्तपदीला पाच पावलं चालून हा मांडवाच्या कनातीकडं बघत उभा राहिला. भटजींनी कोपरानं ढकलून उरलेली दोन पुरी केली, म्हणून माझी लेक आज सौभाग्यवती आहे. असा हा माणूस एकाच गोष्टीत क्रमाचा पक्का. कॅसेटीत जे गाणं पहिलं ते पहिलं, दुसरं ते दुसरं, आणि मधल्या गाण्यावर थेट उडी मारणारा माणूस त्याच्या लेखी चोर.

शिरवळच्या एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर होता. सुट्टीच्या दिवशी पुण्याला जायचा आणि फुटपाथवरच्या इंग्रजी रॉकच्या कॅसेटी पिशवी भरून आणायचा. त्यांच्यावर पोतराजासारखे केस सोडलेल्या पुरुषांचे फोटो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लेकीला विचारलं, "ही तुझ्या सासरची माणसं का गं?" त्याचा टेप बघितला तर पुढं पळवायचं बटण जागेवर नाही, नुसतं भोक. मला वाटलं, पडून मोडलं. तर यानंच पकडीनं उपटून टाकलेलं. कारण विचारलं तर म्हणतो, "मामी, गाणी लावणाऱ्यानं डोकं चालवून ती वळीनं लावल्याली असत्यात. आपण मधनंच घुसायचं म्हंजे दार उघडं असताना खिडकीतनं घरात शिरल्यागत हाय." मी म्हटलं, "आवं जावईबापू, पण न आवडणारं गाणं आलं तर?" तर म्हणतो, "न आवडणारं सोसलं की पुढचं जास्त आवडतंय. संसारात न्हाई का?" हे माझ्या लेकीसमोर बोलला. तिनं त्या दिवशी कालवणात मीठ घातलं नाही.

आमच्या वडूजला लाइटीचा भरवसा कधीच नव्हता. जावई आले की लाइट हटकून जायची आणि कॅसेट मधेच आचके देत थांबायची. लाइट आली की आपण काय करू? पुढं चालू करू. हा पेन्सिल घालून कॅसेट पार मागं गुंडाळायचा आणि पहिल्यापासून लावायचा. एकदा एकाच दुपारी लाइट चार वेळा गेली. त्या दिवशी आमच्या म्हशीनंसुद्धा पहिलं गाणं ओळखलं. ते वाजलं की मान वर करायची. दुसऱ्या खेपेला शिरवळकडं जायची शेवटची एसटी सुटायच्या बेतात, लेक पिशव्या घेऊन दारात, आणि हा शेवटचं गाणं व्हायची वाट बघत बसलेला. एसटी गेली. मुक्काम पडला. सकाळी हजेरी बुडाली ती बुडालीच. भावकीतल्या एका लग्नात लाउडस्पीकरवाला पोरांच्या आरडाओरड्यावर गाणी पुढं-मागं करत होता. जेवणाची पंगत सोडून हा हात खरकटा घेऊन त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, "गड्या, तू कापड फाडतोयस का गाणी लावतोयस?" पाहुण्यांत मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तरी एक सांगते, तो नंतर पंगतीला बसला तो लाउडस्पीकरवाल्याला शेजारी घेऊनच, आणि स्वतःच्या ताटातला लाडू त्याला दिला.

त्याचा खरा हिसका मला धोंड्याच्या महिन्यात कळला. अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावई मागेल ते वाण द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. कुणी अंगठी मागतं, कुणी घड्याळ. मी मनाची तयारी करून ठेवली होती. तर हा म्हणतो, "मामी, मला काय बी नगं. समद्यांनी एक कॅसेट पहिल्यापासनं शेवटपातुर ऐकायची. मधी कुणी उठायचं न्हाई." मी खरं सांगते, अंगठी स्वस्तात गेली असती. पण जावयाचं मागणं मोडता येत नाही. बसलो सगळे सतरंजीवर. शेजारची काकू महिनाभर पोथी ऐकायला जात होती, तीही हळद-कुंकू घेऊन आली आणि पोथीच लागली आहे असं समजून टेपासमोर बसली. इंग्रजीतलं तिला काय कळणार, मला तरी काय कळत होतं! पण एक गाणं संपलं की ती अध्याय संपल्यासारखे हात जोडायची. मी तिला खुणावलं, तर जावई म्हणाला, "जोडू द्या मामी. अध्यायच हायती ते."

चार गाणी झाली, टेप खट्ट करून थांबला. काकूनं नमस्कार घातला, मीही गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. "निम्मंच झालंय," जावई म्हणाला, "पण आता उठायला परवानगी हाय." आणि त्यानं कॅसेट काढली, हातात उलटी केली, जरा थांबला आणि घातली. पुरण गार झालं, दूध उतू गेल्याचा वास आला, कुणी हललं नाही. मला त्या गाण्यांतला एक शब्द कळला नाही. पण मधे कुठं तरी मला माझ्या मेलेल्या थोरल्या दिराचा राग आला, पुढच्या गाण्यात तो वाढला, आणि शेवटच्या गाण्याला वाटलं, जाऊ दे, मेला तो. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी जावई भावकीत बाहेर गेलेला बघून मी हळूच शेवटचंच गाणं तेवढं लावायला सांगितलं. लेकीनं पेन्सिलनं गुंडाळून लावलं. काहीच झालं नाही. नुसता गोंगाट. म्हणजे राग आल्याशिवाय जाऊ दे म्हणता येत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. जावयाला मी हे सांगितलं नाही. सासूनं सगळंच सांगू नये.

पुढं त्यानं कारखान्यातले तीन सोबती जमवले आणि स्वतःचीच मराठी रॉकची कॅसेट करायचं काढलं. गिटार त्याची, गळाही त्याचाच. सुट्टीच्या दिवसांत खोलीला गोधड्या टांगून गाणी बसवली, त्यात दोन पावसाळे गेले. गाणी आठ. पहिल्यात पहाटेचा कारखान्याचा भोंगा, माणूस घरातून निघतो. मग मशीन, सुपरवायझर, शिव्या. चौथं एकदम हळू, नुसती गिटार. जेवणाच्या सुट्टीत माणूस एका बाजूला बसून डबा उघडतो. डब्यात सासरहून आलेला खर्डा. तो खर्डा माझा, हे मी आधीच सांगून टाकते. ‘डबा उघडला, गाव दिसलं’ अशी त्यात ओळ आहे. तिथं पहिली बाजू संपते. मी विचारलं, "हितंच का संपवलंय?" तर म्हणाला, "मामी, डबा खाल्ल्यावर माणूस हात धुवायला उठतोच की. तवाच उठून कॅसेट उलटायची. ते उठणं बी गाण्यात धरलंय मी." उलटल्यावर पुन्हा मशीन, मग पगाराचा दिवस आणि त्यावरचं नाचाचं गाणं, मग घरची वाट, आणि शेवटी पुन्हा भोंगा.

सांगलीच्या एका कॅसेटवाल्यानं ती ऐकली आणि सगळ्या दुकानांत पोचवतो म्हणाला. कारखान्यातले चौघंही पेढे वाटायला निघाले होते. मग निरोप आला, एकदा समक्ष या, थोडा बदल आहे. लेक मला म्हणाली, "आई, तू जा ह्यांच्याबरोबर. हे रागानं काही तरी बोलून येतील." म्हणून मी सांगलीला गेले. थंडगार खोली, भिंतीला देवाधर्माच्या कॅसेटींची चवड. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि जावयाला म्हणाला, "सहावं गाणं पहिलं टाकू. लग्नावरातीत दणका उडंल. आणि ते डब्याचं लय हळू हाय, ते काढा, न्हाईतर शेवटी ढकला."

"पगाराचं गाणं पहिलं?" जावई म्हणाला. "म्हंजे माणूस अजून कामावर गेला न्हाई अन् पगार हातात?"

"मग काय वाईट हाय? समद्यांना तसंच पायजे असतंय!" कॅसेटवाला हसला. सोबत आलेला, त्या तिघांतला ड्रमवालाही हसला आणि जावयाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "लावू दे की रं पुढं. गाणी तीच हायती. कॅसेट निघंल तरी."

"गाणी तीच. माणूस तो न्हाई," जावई म्हणाला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आवं, पोथीचा सहावा अध्याय कुणी आधी वाचतं का?" कॅसेटवाला म्हणाला, "आज्जी, पोथी लोक पुण्यासाठी ऐकत्यात. कॅसेट नाचायला घेत्यात. मला दुकान चालवायचंय." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. तो दुकान चालवत होता. पण जावयानं टेबलावरची मूळ कॅसेट उचलली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाला, "तुमी दुकान चालवा. माझा गडी भोंगा झाल्यावरच निघंल." चहा तसाच राहिला. मी माझा पिऊन घेतला, तिथं कशाला माज करायचा?

सांगलीच्या स्टँडवर भडंगाचा पुडा घेऊन आम्ही बाकड्यावर बसलो. ड्रमवाला रागावून वेगळ्या गाडीनं गेला. जावई पुडा हातात धरून नुसता बसला होता. मी म्हटलं, "चुकलं का?" तो म्हणाला, "तीन दोस्त बुडवलं मी, मामी." मी म्हटलं, "व्हय, बुडवलंत. आता खावा." दुसरं काय म्हणणार? खोटं बोलून कुणाचं पोट भरत नाही. तरी एक सांगते, त्या दिवशी त्यानं कॅसेट टेबलावर सोडली असती तर मी त्याच्या ताटात पुन्हा खर्डा वाढला नसता.

मग त्यानं दोन कॅसेटींचा टेप आणला आणि घरीच एकावरून एक उतरवायला बसला. लवकर उतरवायची सोय त्यात होती, पण त्यानं आवाज चिरका होतो म्हणून ती याला चालायची नाही. त्यामुळं एक कॅसेट उतरायची तर घरभर सगळी एकदा वाजायची. पहिली पाळी, दुसरी पाळी, घरी आलं की हेच. माझी लेक भाकरी थापतानाही सुपरवायझरच्या गाण्यावर हात आपटायची. या कॅसेटी त्यानं शिराळ्याच्या नागपंचमीच्या गर्दीत विकल्या, वडूजच्या बाजारात विकल्या, आणि उरलेल्या हायवेवरच्या ड्रायव्हरांना देऊन टाकल्या. मला वाटलं होतं, माणूस आता निवांत होईल. कुठला! एक टेम्पोवाला शिरवळच्या चहाच्या टपरीसमोर नुसतं पगाराचं गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता. हा घरच्या लुंगीवर टेम्पोत चढून बसला. "काय पायजे?" टेम्पोवाला म्हणाला. "काय न्हाई. भोंग्यापासनं लाव, मी हितंच बसतो." टेम्पोवाल्याला निघायची घाई होती, त्यानं गाडी हाणली. वाटेत यानंच कॅसेट भोंग्यापासनं लावली आणि लुंगीवर थेट कराडला पोचला. तिथं उतरायच्या आधी टेम्पोवाला म्हणाला, "मालक, ते डब्याचं गाणं परत लावा." जावई म्हणाला, "परत लावायचं तर भोंग्यापासनं." परतीच्या वाटेवर लावली असेल त्यानं, मला ठाऊक नाही. जावई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा असा फुलवून घरी आला की लेकीनं शिव्या अर्ध्यातच थांबवल्या.

आता सगळं बदललं आहे. ड्रमवाल्याशी बोलणं परत सुरू झालं, पण तो लग्नाच्या बँडमध्ये गेला. गिटार माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे, शेजारी लसणाच्या माळा. नवी चकतीची यंत्रं आली आहेत, त्यात बटण दाबलं की गाणी आपोआप उलटीसुलटी वाजतात, आणि चकती उलटायला उठावंच लागत नाही. दुकानात ते बघून जावई मला म्हणाला, "मामी, हात न धुता जेवण झालं की हे." प्रेस मशीनच्या आवाजानं त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. तरी दुसरा कान टेपाकडं करून बसतो, आणि बाजू संपायच्या जरा आधी गुडघे सावरून उठायच्या तयारीत असतो.

परवा मी वडूजहून डबाभर खर्डा घेऊन गेले होते. माझंही वय झालं आहे, मरणाचं बोलायला मला भीती वाटत नाही. मी म्हटलं, "जावईबापू, मी गेल्यावर माझ्यापुढं भजन नगं. तुमची कॅसेट लावा. पर माणसं किती वेळ थांबणार? तेवढं डब्याचं गाणं लावा आणि उचला मला."

त्यानं भाकरी खाली ठेवली. मला वाटलं, हळवा होतो की काय.

"न्हाई मामी," तो म्हणाला. "डब्याचं चौथं हाय. चौथंच लागंल. भोंगा व्हईल, मशीन व्हईल, शिव्या व्हत्याल, मग डबा. माणसं थांबत्याल. न्हाई थांबली तर जाऊ देत."

लेक त्याला डोळ्यांनी दटावत होती. मी तिला गप्प केलं.

"थांबवा मग माणसांना," मी म्हटलं. "मला तरी कुठं घाई असणार हाय."