ओळींचे शेवट

द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात एक नवी मुलगी मनमाडहून रोज अप-डाऊन करायची. तिने लिहिलेली प्रोग्रामची स्क्रिप्ट तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर चालायची, सर्व्हरवर मात्र बंद पडायची. मी तिचा सीनियर. "नीट तपासून देत जा," सगळ्यांसमोर मी खेकसलो. दोन दिवस ती ओळ न् ओळ तपासत बसली. संध्याकाळची गाडीही चुकली तिची.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हरवर टाकण्याआधी तिची फाइल मी माझ्या विंडोजच्या एडिटरात नुसती बघायला उघडायचो आणि लाइट जाईल या जुन्या धास्तीने उगाच सेव्ह दाबायचो. तेवढ्याने माझा एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजची न दिसणारी खूण चिकटवायचा आणि लिनक्सचा सर्व्हर तिथेच अडायचा. मी गपचूप सेटिंग बदललं. स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात चालली.

"सर, माझं काय चुकलं होतं?" तिने वही उघडून विचारलं. "पुन्हा होऊ नये म्हणून लिहून ठेवते."

"ओळींचे शेवट," मी म्हणालो.

तिने ते लिहून घेतलं, स्वतःच्या चुकांच्या यादीत.